‘वॉर बेबीज’ : गोड गळ्याला अडचणीत टाकणारी तबकडी

आमच्या परभणीकडे वडीलधाऱ्या माणसांना जन्मसाल विचारले, तर उत्तरात आकडा क्वचितच येतो. ‘पोलीस ॲक्शनच्या साली झालो’, ‘रझाकाराच्या धामधुमीत आई माहेरी होती तेव्हाचा’, ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली’ अशी उत्तरे मिळतात आणि ऐकणाऱ्याला ती पुरतात. माझ्या वडिलांचा जन्म १९४८ चा, म्हणजे निजामाची राजवट ज्या वर्षी संपली त्याच वर्षाचा. आजी त्यांची ओळख करून देताना अखेरपर्यंत ‘हे आमचं पोलीस ॲक्शनचं लेकरू’ असेच म्हणत असे. त्यामुळे डॅरिल हॉल आणि जॉन ओट्स या अमेरिकी गायक जोडीच्या १९७४ मधील तबकडीचे ‘वॉर बेबीज’ हे नाव मी प्रथम वाचले, तेव्हा त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही. हॉल यांचा जन्म ऑक्टोबर १९४६ चा आणि ओट्स यांचा एप्रिल १९४८ चा, म्हणजे दुसरे महायुद्ध दोघांनीही पाहिलेले नाही. पण ज्या घरांत ते वाढले त्या घरांतील मोठ्या माणसांच्या बोलण्यात, भीतीत आणि काटकसरीत ते युद्ध शिल्लक होते. न पाहिलेल्या उलथापालथीवरून ज्यांचे वय मोजले जाते, अशा लेकरांची ही तबकडी आहे, आणि गेली दोन वर्षे ती वारंवार ऐकल्यानंतर तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटू लागले.

जुनी वस्तू विकत घेणाऱ्याला तिच्या गुणांइतकीच तिच्या प्रकृतीचीही माहिती हवी असते, म्हणून माझ्याकडील प्रत कशी आहे ते आधी सांगतो. माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी येताना त्याने तेथील जुन्या रेकॉर्डच्या एका दुकानातून ही प्रत आणली. वेष्टनावर आतल्या तबकडीच्या घेराची पांढुरकी गोल खूण उमटलेली आहे आणि मागच्या कोपऱ्यात पूर्वीच्या मालकाने निळ्या शाईने आपली आद्याक्षरे लिहून ठेवली आहेत. आली तेव्हा तबकडी आरशासारखी सपाट होती. पुढच्या एप्रिलमध्ये आमच्याकडचा पारा बेचाळीसच्या घरात गेला, माळवदावरच्या पत्र्याच्या खोलीत ती इतर रेकॉर्डच्या चळतीत आडवी पडून राहिली, आणि मे महिन्यात काढून पाहिली तेव्हा तव्यावरच्या भाकरीची कड सुटावी तशी तिची एक कड उचलली गेली होती. दोन जाड काचांमध्ये ठेवून, वर वजन देऊन, ती बरीचशी बसवता आली. तरीही प्रत्येक बाजूच्या पहिल्या गाण्यात सुई त्या उंचवट्यावर चढते आणि उतरते, आणि लांबवलेल्या सुरात किंचित थरथर येते. मराठवाड्यात राहून ज्यांना तबकड्या जमवायच्या आहेत त्यांनी त्या उभ्या ठेवाव्यात, पत्र्याखाली कधीही ठेवू नयेत, एवढे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलेले आवर्जून सांगतो.

हॉल आणि ओट्स यांची भेट १९६७ मध्ये फिलाडेल्फिया शहरातील ॲडेल्फी बॉलरूम या सभागृहात झाली. दोघे आपापल्या गटांबरोबर गाण्यासाठी आले होते. तेथे टोळक्यांची मारामारी होऊन गोळी चालली, आणि जीव वाचवण्यासाठी निघालेले हे दोन तरुण एकाच मालवाहू लिफ्टमध्ये शिरले. दोघेही टेम्पल विद्यापीठाचे विद्यार्थी आहेत हे त्यांना तेथेच कळले. फिलाडेल्फिया हे त्या काळी सोल संगीताचे, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकी गायकांनी घडवलेल्या भावपूर्ण गायकीचे, मोठे केंद्र होते. केनी गॅम्बल आणि लिऑन हफ यांनी १९७१ मध्ये तेथे स्वतःची कंपनी काढून व्हायोलिनचे ताफे, नेमका ताल आणि आर्त गायन यांचा जो मेळ घातला, तो पुढे त्या शहराच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. हॉल या वातावरणात वाढले, कृष्णवर्णीय गायकांबरोबर रस्त्याच्या कोपऱ्यावर आणि स्टुडिओत गायले, आणि तो गळा त्यांनी इतका आत्मसात केला की आवाज ऐकून गायकाचा वर्ण सांगता येऊ नये.

अशा गोऱ्या गायकांच्या सोल गायनाला ‘ब्ल्यू-आइड सोल’, म्हणजे निळ्या डोळ्यांचे सोल, असे नाव पडले. हॉल यांनी या नावाविषयीची आपली नापसंती अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे, कारण गाण्याची जात गायकाच्या डोळ्यांच्या रंगावरून ठरवणे त्यांना मान्य नाही. मी या वादाकडे परभणीच्या अनुभवातून पाहतो. हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा ऊरूस फेब्रुवारीत भरतो, तेव्हा कव्वाली ऐकायला सगळे गाव लोटते. आमच्या आळीतील भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या गळ्यातील ओळ उचलण्याची आणि टाळीवर परत येण्याची ढब निखालस ऊरुसात ऐकून ऐकून आलेली होती, आणि एकादशीच्या रात्री तुकोबांचा अभंग ते त्या ढबीने गात तेव्हा कोणी त्यांना ‘हे तुमचं नाही’ असे म्हटले नाही. अमेरिकेत मात्र हा प्रश्न विचारला जाणे अटळ आहे आणि योग्यही आहे, कारण कृष्णवर्णीयांनी घडवलेले संगीत गोऱ्यांच्या गळ्यातून अधिक दामाने विकले गेल्याचा तेथे मोठा इतिहास आहे. हॉल आणि ओट्स यांच्या बाबतीत याचे एक उत्तर बाजारानेच दिले. त्यांचे ‘शीज गॉन’ हे गाणे केप व्हर्दी वंशाच्या तावारेस बंधूंनी उचलले आणि १९७४ च्या अखेरीस अमेरिकेतील सोल गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेले. मूळ गाणाऱ्यांची तबकडी तोवर ६० व्या क्रमांकाच्या आसपास येऊन विझली होती. ‘वॉर बेबीज’ बाजारात आली ती नेमकी याच महिन्यांत.

आता तबकडीकडे येतो. तिच्याआधी या जोडीच्या दोन तबकड्या ॲटलांटिक कंपनीने काढल्या होत्या : १९७२ ची ‘होल ओट्स’ आणि १९७३ ची ‘ॲबन्डन्ड लंचनेट’. दोन्हींची सूत्रे आरिफ मार्डिन या इस्तंबूलमध्ये जन्मलेल्या, अतिशय सुसंस्कृत कानाच्या निर्मात्याकडे होती. दुसरी तबकडी मी या जोडीची सर्वांत देखणी कृती मानतो. तिच्यात प्रत्येक वाद्य मापाने येते आणि आवाजाला वाट करून देऊन बाजूला होते. असे चांगले चाललेले घर सोडून हॉल आणि ओट्स यांनी तिसऱ्या तबकडीसाठी टॉड रंडग्रेन यांना बोलावले. रंडग्रेन हेही १९४८ चेच, आणि फिलाडेल्फियाजवळचे. पण त्यांनी १९७३ मध्ये ‘अ विझर्ड, अ ट्रू स्टार’ ही स्वतःची तबकडी काढून गाण्याची रचना, लांबी आणि नाद यांचे सगळे संकेत उधळून लावलेले होते, आणि ‘यूटोपिया’ हा त्यांचा गट सिंथेसायझर आणि विजेच्या गिटारच्या लांबलचक रचनांत रमलेला होता. ‘वॉर बेबीज’मध्ये रंडग्रेन केवळ निर्माते म्हणून काचेपलीकडे बसलेले नाहीत; त्यांनी गिटार स्वतः वाजवली आहे. बेस गिटारला यूटोपियाचे जॉन सीग्लर आहेत, आणि ड्रमवर विली विल्कॉक्स, जे पुढे यूटोपियात गेले. एवढी नावे वाचली तरी लक्षात येते की या वेळी पाहुण्यांच्या घरी यजमान गायला गेले होते.

दरम्यान हे दोघे फिलाडेल्फिया सोडून न्यूयॉर्कला राहायला आले होते आणि गावोगावच्या कार्यक्रमांत फिरून थकत होते. तबकडीतील बहुतेक गाणी या दोन गोष्टींतून निघाली आहेत : एक, दूरचित्रवाणीसमोर वाढलेल्या पिढीच्या डोक्यात भरलेली चित्रे, दुसरी, प्रसिद्धी मिळण्याच्या अलीकडे अडकलेल्या गायकाची वणवण. या आशयाला मार्डिन यांचे रेशमी वादन पुरले नसते असे मला ठामपणे वाटते. रंडग्रेन यांनी या तबकडीवर गोंगाट लादला, असा आरोप तिच्यावर नेहमी केला जातो. मी तिला जितक्या वेळा ऐकली, तितके मला उलटे वाटत गेले. हॉल यांचा गळा मुळात इतका गोड आहे की कोणतेही वाक्य त्यातून आले, की ते प्रेमाचे होऊन जाते. राग, किळस, थकवा हे त्या गळ्याला शोभतच नाहीत. त्या गळ्याला अडचणीत टाकल्याशिवाय, त्याच्या वाटेत काही आडवे घातल्याशिवाय, या गाण्यांतील कडवटपणा ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचला नसता. जेथे हा अडथळा गाण्याच्या गरजेतून आला आहे तेथे तबकडी अपूर्व उंची गाठते. जेथे तो केवळ हौसेने आला आहे तेथे ती घसरते, आणि असे घसरणेही तिच्यात आहे, हे लपवण्याचे कारण नाही.

पहिले गाणे ‘कान्ट स्टॉप द म्युझिक’ हे ओट्स यांचे आहे. ते मागच्या तबकडीच्या उंबरठ्यावर बसून लिहिल्यासारखे मोकळे आणि गुणगुणण्याजोगे आहे, आणि आत शिरणाऱ्याला दचकवू नये म्हणून बहुधा मुद्दाम दारात ठेवले आहे. वाजवणे थांबवता न येणाऱ्या वादकाचा विषय त्यात हसतमुख सुरात येतो. तो पुढे किती काळवंडणार आहे याची चाहूल येथे लागत नाही.

खरी तबकडी दुसऱ्या गाण्यापासून सुरू होते. ‘इज इट अ स्टार’ मी आमच्या घरी ज्यांना ज्यांना ऐकवले, त्यांतील निम्म्या लोकांनी प्लेअर बिघडला आहे का, असे विचारले. चाल एका दिशेने निघते, कानाला ती पकड येते न येते तोच ताल मोडून दुसराच भाग सुरू होतो, सिंथेसायझर खालून वर शिट्टीसारखा चढत जातो, गिटार मध्येच ओरखडा काढते. या सगळ्यात हॉल यांचा आवाज एकदाही फिस्कटत नाही, हे तिसऱ्यांदा ऐकताना माझ्या लक्षात आले. बाजारच्या दिवशी भर गर्दीतून डोक्यावर काचेच्या बरण्या घेऊन जाणारा मनुष्य जसा खांदे न हलवता फक्त पावले बदलतो, तसा तो आवाज प्रत्येक मोडणीवर पाय बदलतो आणि सूर मात्र पातळी सोडत नाही. गाणे विचारते ते सरळ आहे : ज्यासाठी ही वणवण चालली आहे तो तारा खरोखर तारा आहे का? हा प्रश्न सुरेल, संथ चालीत विचारला असता तर ते हळवे गाणे झाले असते. येथे तो धावत्या गाडीच्या दारात उभे राहून विचारल्यासारखा येतो, आणि म्हणून मनात राहतो.

‘बीनी जी अँड द रोझ टॅटू’बद्दल फार लिहिण्यासारखे नाही; चटपटीत आहे, लवकर संपते. त्यानंतरचे ‘यू आर मच टू सून’ मात्र या तबकडीचा ठेवा आहे. हॉल यांनी येथे फिलाडेल्फियाचा गळा पुन्हा उघडला आहे, ओळीच्या शेवटी तो वरच्या सप्तकात जाऊन अलगद उतरतो, आणि आधीच्या दोन गाण्यांच्या धुमश्चक्रीनंतर ही उतरण इतकी दिलासा देणारी वाटते की पहिल्यांदा ऐकताना मी हातातले काम ठेवून दिले होते. हेच गाणे मागच्या तबकडीत असते तर पाच सुंदर गाण्यांतले सहावे ठरले असते. भोवती काटे आहेत म्हणून त्याचे फूलपण कळते, आणि गाण्यांचा क्रम लावणाऱ्याचे हे मोठे कसब आहे.

पहिल्या बाजूचा शेवट ओट्स यांच्या ‘सेव्हन्टीज सिनॅरिओ’ने होतो. ते मी वडिलांना ऐकवले. त्यांना इंग्रजी गाणी कळत नाहीत आणि आवडतही नाहीत. नावाचा अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी फक्त ‘सत्तरीतलं?’ एवढे विचारले आणि शेवटपर्यंत शांत बसून ऐकले. सत्तरीतील अमेरिका त्यांच्या लेखी एकाच गोष्टीची होती : बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो ज्वारी, जिची भाकरी थापताना हातात तुटायची. ‘त्यांचंही बरं चाललेलं नव्हतं तर,’ ते म्हणाले. ओट्स यांच्या आवाजात हॉल यांच्यासारखी झेप नाही; तो जरा खालचा, मातकट आणि बोलण्याच्या जवळचा आहे, आणि थकलेल्या माणसाचे हे गाणे त्याच आवाजात खरे वाटते. या जोडीचा विचार करताना ओट्स यांना साथीदार समजण्याची चूक पुष्कळ जण करतात. या तबकडीवर त्यांचा वाटा संख्येने कमी असला, तरी दोन्ही वेळा जमिनीवर पाय टेकण्याची सोय त्यांनीच केली आहे.

दुसरी बाजू अधिक कठीण आहे. तिची सुरुवात ज्या ‘वॉर बेबी सन ऑफ झोरो’ने होते त्यात शीर्षकाचा सगळा अर्थ एकवटला आहे. झोरो हा काळा मुखवटा घालणारा तलवारबहाद्दर. त्याची डिस्नेची मालिका अमेरिकेत १९५७ मध्ये दूरचित्रवाणीवर सुरू झाली तेव्हा हॉल जवळपास अकरा वर्षांचे आणि ओट्स नऊ वर्षांचे होते. ज्यांचे बाप खऱ्या युद्धाच्या पिढीतले, त्या मुलांनी आपला बाप म्हणून पडद्यावरचा खोटा शूर निवडला, हे शीर्षकातील नाते मला अतिशय बोचक वाटते. आमच्या वडिलांच्या पिढीने रझाकारांच्या गोष्टी पारावर ऐकल्या, आणि सांगणाऱ्याच्या पाठीवरचे वळ त्यांना हात लावून पाहता येत होते; हॉल यांच्या पिढीला गोष्टही डब्यातून आली आणि शूरही डब्यातूनच आला. गाण्याची घडण त्यामुळेच तुकड्यातुकड्यांची आहे. येथे निर्मात्याची हौस आणि गाण्याची गरज एकमेकांना नेमकी भेटली आहे.

‘आय ॲम वॉचिंग यू’ या गाण्यात तसे होत नाही. दुसऱ्यावर लपून नजर ठेवणाऱ्या माणसाच्या तोंडून गायलेले हे गाणे आहे, आणि कल्पना चांगली असूनही मला ते अर्धवट वाटते. दुसऱ्याचे सोंग घेऊन गाणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही. पैठणच्या नाथांनी भारुडांत आंधळ्याचे, बहिऱ्याचे, जोशाचे, महारिणीचे सोंग घेतले. पण सोंग घेतल्यावर नाथ त्या पात्राच्या बोलीत पुरते उतरतात, आणि ऐकणाऱ्याला सोंगापलीकडचा अर्थ आपोआप दिसू लागतो. हॉल या गाण्यात सोंगाच्या बाहेर उभे राहून सोंग दाखवतात. विचित्र नाद भोवती भरपूर आहेत, पण ते पात्राच्या मनातून आलेले वाटत नाहीत, वरून टाकल्यासारखे वाटतात. ‘बेटर वॉच युअर बॅक’ त्यामानाने सरळ, ठेक्याचे गाणे आहे आणि सीग्लर यांच्या बेससाठी ते ऐकावे.

मग ‘स्क्रीमिंग थ्रू डिसेंबर’ येते. सहा मिनिटांहून लांब असलेले हे गाणे तबकडीतील सर्वांत मोठे आहे आणि माझ्या मते या जोडीने पुढे कधीही न केलेले असे काही त्यात आहे. येथे घाई नाही. वर्षाच्या अखेरीचा, थंडीचा, थकव्याचा काळोख हळूहळू साचत जातो, वाद्यांना स्वतःची वाट धरायला मुभा मिळते, आणि आवाज त्यांच्यातून वर येतो तेव्हा तो गायकाचा न राहता वाद्यांतलाच एक होऊन येतो. शीर्षकात किंकाळी आहे, पण हॉल मोठ्याने किंचाळत बसत नाहीत. स्वर ताणलेला राहतो आणि किंकाळी घशात अडून राहिल्याचे कळते, ते अधिक अस्वस्थ करते. जानेवारीत पहाटे, घरातील सगळे झोपलेले असताना, मी ते एकदा हळू आवाजात लावले होते. मारुतीच्या देवळातील काकड्याचे टाळ दुरून ऐकू येत होते आणि दोन्हींत ताल मुळीच जुळत नव्हता, तरीही मला गाणे बंद करावेसे वाटले नाही.

एक अडचण मात्र तबकडीच्या घडणीतूनच येते आणि ती जुनी प्रत घेणाऱ्याने लक्षात ठेवावी. तबकडी एका मिनिटात तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, पण बाहेरच्या घेरापाशी एका फेऱ्यात सुईखालून जेवढी वाट सरकते, त्याच्या निम्म्याहूनही कमी वाट आत लेबलाजवळ सरकते. त्यामुळे बाजूच्या शेवटी येणाऱ्या गाण्यांत बारीक नाद तितके स्वच्छ उमटत नाहीत आणि ‘स’कार फाटतात. हे सर्वोत्तम गाणे नेमके दुसऱ्या बाजूच्या शेवटाजवळ आहे. माझ्या प्लेअरची सुई जुनी होती तोवर त्यातील झांजांचा नुसता फसफसाट ऐकू येई. नवी सुई बसवल्यावर फरक पडला, पण त्या सुईसाठीही मला फसावे लागले : एका दुकानदाराने मूळ बनावटीची म्हणून जी पाठवली ती नक्कल निघाली, आणि तिने पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला एक बारीक चरा पाडला, जो आता कायमचा आहे. सुई घेताना टोकाचा हिरा भिंगातून पाहून घ्यावा. टोक तिरपे किंवा बोथट दिसले तर ती तबकडीवर टेकवूच नये.

शेवटचे ‘जॉनी गोर अँड द सी ईटर्स’ हे हिंस्र, आरडाओरडीच्या गायकमंडळींवर बेतलेले रॉक गाणे आहे. त्यातील जोर खरा आहे, पण आधीच्या गाण्याच्या काळोखानंतर ते येते आणि तयार झालेली अवस्था मोडून टाकते. मी आता बहुतेक वेळा ते सुरू होण्याआधी सुई उचलतो. तबकडी ‘स्क्रीमिंग थ्रू डिसेंबर’वर संपली असती तर ती आज अधिक आदराने आठवली गेली असती, असे मला मनापासून वाटते.

बाजारात हिचे काय झाले ते थोडक्यात सांगण्याजोगे आहे. बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय तबकड्यांच्या यादीत ती ८६ व्या क्रमांकाच्या पुढे गेली नाही. मागच्या तबकडीच्या ओढीने आलेले श्रोते गोंधळले, आणि ॲटलांटिकशी असलेला या जोडीचा संबंध येथेच संपला. आमच्याकडे एक म्हण आहे, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’; इकडून तिकडे नशीब काढायला गेलेल्या माणसाला माघारी यायला एक गाव आहे, असा तिचा आधाराचा अर्थ आम्ही परभणीकर घेतो. हॉल आणि ओट्स यांनी ‘वॉर बेबीज’मध्ये जे धाडस केले ते बनले नाही, आणि ते आपल्या परभणीला, म्हणजे फिलाडेल्फियाच्या सोलला, परतले. आरसीए कंपनीत गेल्यावर १९७५ च्या तबकडीतील ‘सारा स्माइल’ १९७६ मध्ये चौथ्या क्रमांकावर पोहोचले, त्याच वर्षी जुने ‘शीज गॉन’ पुन्हा निघून सातवे आले, १९७७ मध्ये ‘रिच गर्ल’ पहिले आले, आणि नंतरच्या दशकात या जोडीने जे यश पाहिले ते सर्वांना माहीत आहे.

पण १९७४ मधील ते धाडस वाया गेले असे मी मानत नाही. हॉल यांना त्या वाटेची ओढ पुढेही राहिली. १९७७ मध्ये त्यांनी रॉबर्ट फ्रिप या प्रयोगशील ब्रिटिश गिटारवादकाबरोबर ‘सेक्रेड साँग्ज’ ही एकट्याची तबकडी केली आणि कंपनीने ती विकली जाणार नाही या धास्तीने १९८० पर्यंत अडवून ठेवली. ‘वॉर बेबीज’ ऐकलेल्या माणसाला त्या तबकडीचे मुळीच आश्चर्य वाटत नाही. इतकेच काय, १९८० नंतरच्या त्यांच्या गुळगुळीत, यशस्वी गाण्यांतही ठेक्याखाली एक थंड, यंत्रासारखी किनार ऐकू येते, जी ‘ॲबन्डन्ड लंचनेट’मध्ये शोधून सापडत नाही. ती किनार कोठून आली याचे उत्तर माझ्या मते या अपयशी ठरलेल्या तबकडीत आहे.

ज्यांना ही विकत घ्यायची नाही त्यांना मोबाइलवर ती ऐकता येते, आणि तेथे आतल्या गाण्यांचा नाद अधिक स्वच्छ आहे हे मान्य केले पाहिजे. मात्र मोबाइलवर गाणी सुटी होतात, आणि ‘यू आर मच टू सून’ तेवढे ऐकून बाकीची सोडून देण्याचा मोह होतो. तसे केले तर त्या गाण्याचीही निम्मी किंमत जाते. नव्या श्रोत्याने आधी ‘ॲबन्डन्ड लंचनेट’ दोन-तीनदा ऐकावी, हा गळा मोकळा असताना कसा चालतो ते कानात बसू द्यावे, आणि मगच ‘वॉर बेबीज’ची पहिली बाजू सलग लावावी. दुसरी बाजू त्याच दिवशी ऐकू नये. जुनी प्रत मिळाली तर विकणाऱ्यासमोर ती वेष्टनातून काढून डोळ्यांच्या रेषेत आडवी धरावी, कड सुटली आहे का ते पाहावे, आणि दुसऱ्या बाजूच्या लेबलाजवळच्या दोन बोटे पट्ट्यावर उजेड तिरपा पाडून चरे तपासावेत. तेथे चरे नसतील, तर वेष्टन फाटके असले तरी ती प्रत सोडू नये.